खळ न लावलेलं कापड

माझे यजमान गेले आणि मी पांढरी पातळं नेसू लागले. चंद्रकलाची आणि माझी खरी ओळख तेव्हापासूनची. त्याआधीही आमचे कपडे तिच्याकडेच जात. यजमान मोहाडीला जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. त्यांचे शेणाऔषधाचे डाग पडलेले सदरे ती गाठोड्यात बांधून नेई आणि घड्या घालून आणून देई. तेवढाच संबंध. पण पांढरं कापड उजेडात धरून तपासावं लागतं, आणि तपासणाऱ्या दोघी असल्या की बोलणं निघतंच.

आमच्या भागात परटाला वरठी म्हणतात. चंद्रकला वरठीण होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान, उंच, आणि पाण्यात उभं राहून राहून पायांच्या टाचा भेगाळलेली. नवरा परसराम कमरेनं अधू होता. तो घरी बसून कोळशाची इस्त्री फिरवी. धुणं, भट्टी, वाळत घालणं, घरोघर पोचवणं, सगळं तिच्याकडे. गावाच्या उत्तरेला एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. तिच्या पाळीवर बांबूंना दोऱ्या ताणून ती कपडे वाळवी. पलीकडून पाणवठ्याची वाट जात असल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्या बायांच्या नजरेसमोर तिचं काम दिवसभर टांगलेलं असे. ते तिला आवडायचंही. भाताच्या पेजेची खळ घातलेली धोतरं वाऱ्यावर कागदासारखी वाजत, तेव्हा ती मुद्दाम थोडा वेळ उभी राही.

माझ्या पातळांना मात्र मी तिला खळ लावू देत नसे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना शाळेच्या कॉलरची खळ मानेला इतकी काचली की पुढे आयुष्यात मी खळीचं कापड अंगाला लावलं नाही. चंद्रकलाला हे पटत नसे.

"डाक्टरीनबाई, तुमचं पातळ दोरीवर असं लटकते जशी भिजलेली कोंबडी. लोक म्हनतात चंद्रकलानं खळ वाचवली."

"म्हणू देत. मानेला काचतं मला."

"मान तुमची, नाक तं माहं कापल्या जाते न जी!"

१९८२ साली बोडीजवळच्या राइस मिलनं बॉयलर बसवला. मिल जुनीच होती. मालक भोजराजजी, तीन पिढ्यांपासून इथले. आधी तिथं साधं धान कांडलं जाई. आता उसना तांदूळ करायचा होता. त्यासाठी धान वाफवावं लागतं, आणि वाफेसाठी जळण म्हणून धानाचाच कोंडा. फुकटचा कोंडा जळायचा आणि बुटक्या धुराड्यातून त्याची काळी राख उडायची. कण इतके हलके की ते पडताना दिसत नसत. कपड्यावर बोट फिरवलं की मग काळी रेघ उमटे.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते इतकंच, की चंद्रकलाचे कपडे पूर्वीसारखे येत नाहीत. वकिलांच्या ताराबाईंनी आधी धोतर परत पाठवलं, मग दोन चादरी, आणि दिवाळीच्या आधी गाठोडंच द्यायचं बंद केलं. त्यांचे कपडे सायकलवर दुसऱ्या गावच्या वरठ्याकडे जाऊ लागले. ताराबाईंचं घर म्हणजे गावातलं मोठं घर. त्यांचं पाहून आणखी काही घरं गेली.

"म्हने, वरठीन म्हातारी झाली. हाताले जोर नाई राहिला," चंद्रकला मला सांगत होती. ओट्यावर बसून तिनं आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर पसरले. "पाहा जी. याच्यात जोर नाई? मी दोनदोनदा धुऊन राहिली. पान्यातून काढते तवा बगळ्यावानी राहते. वाळवून उतरवते तं तिळाचे लाडू."

मी हसले. ती हसली नाही.

ती मिलवर जाऊन आली होती. भोजराजजी माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "चंद्रकला, माझी धोतरं पण तुझ्याकडेच येतात ना? मी कधी बोललो का? गावभर चुली जळून राहिल्या. उन्हाळ्यात फुलं वेचाले मोहाखालचा पाला जाळतात लोक. इतक्या धुरात तुले माझाच धूर ओळखू येते? त्यावर माझं नाव लिवलं आहे का?"

यावर उत्तर सुचवलं ते यादोराव मास्तरांनी.

यादोराव हायस्कूलात विज्ञान शिकवीत. हवेच्या प्रदूषणाचा कायदा नुकताच झाला होता आणि तो त्यांनी वाचला होता. गावातून अर्ज गेला तर नागपूरहून अधिकारी येऊ शकतात, पण नुसती तक्रार पुरणार नाही, काहीतरी दाखवावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे यंत्रं कुठली? मास्तरांनी मांजरपाटाचा एक तागा आणला आणि त्याचे सारखे चौकोन फाडले. चार जागा ठरल्या. एक मिलच्या फाटकासमोर, एक बोडीच्या पाळीवर, एक शाळेच्या आवारात आणि एक वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गावाबाहेरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. कापड सकाळी टांगायचं, दुसऱ्या सकाळी उतरवून घडी न घालता डब्यात ठेवायचं. धुऊन देण्याचं काम अर्थात चंद्रकलाचं. बोडीवरचं कापड तिनंच टांगायचं, बाकीची तीन त्या त्या जागेजवळच्या लोकांनी. शाळेतलं माझ्याकडे होतं.

१९८४ च्या जानेवारीत हे सुरू झालं. गावाला त्याचा खेळच वाटला. शाळेतल्या माझ्या कापडाच्या खांबाजवळून जाणाऱ्या बाया विचारत, "झेंडा काहून लावला जी, डाक्टरीनबाई? पार्टी काढली का?"

पण महिन्याअखेर मास्तरांनी एकाच दिवसाची चारही कापडं शेजारीशेजारी मांडली तेव्हा हसणं थांबलं. बांधीतलं जवळजवळ पांढरं. शाळेतलं मळकट. फाटकावरचं करडं. आणि बोडीवरचं असं काळं की कोणाला सांगायची गरज नाही. मास्तर आनंदानं टाळी देण्यासाठी कोणीतरी शोधत होते. अर्ज गेला, आणि नागपूरहून उत्तरही आलं. फेब्रुवारीत पंचायतीच्या खोलीत दोन्ही बाजूंचं ऐकायला अधिकारी येणार होते.

ते येण्याच्या आदल्या दिवशी, जेवणं होऊन मी वाचत बसले होते, तेव्हा चंद्रकला आली. तिच्या एका खांद्यावर माझं पातळ होतं आणि दुसऱ्यावर एक धोतर.

"हे धोतर भोजराजजीचं," ती म्हणाली, "अना हे पातळ तुमचं. एकाच दोरीवर होते, बाजूबाजूले, कालपासून. पाहा जी तुमी."

मी पाहिलं. पातळावर काळे ठिपके होते, पण विरळ. धोतर मात्र काजळीनं भरलेलं.

"एकाच दोरीवर?"

"एकाच. धोतराले खळ आहे. तुमच्याले नाई." ती खाली बसली. "सकाळी दव पडते. खळ ओली होते, चिकट होते. मंग राख धरते ते सोडतच नाई. मले हे आधी दिसाले पायजे होतं."

मला तरीही उमगेना. तिनं माझ्याकडे न पाहता पुढचं सांगितलं.

"बोडीवरच्या कपड्याले मी खळ लावली होती, बाई. तिघाईले देल्ले ते साधे देल्ले, मास्तरजीनं सांगतलं तसे. पन बोडीवरचा माह्या हातानं, माह्या दोरीजवळ टांगाचा होता. साऱ्या बाया तिथून जातात. घरं तुटून राहिली, अना त्याच्यात वरठीनीनं तिथं फडका टांगावा? म्हनून लावली. ध्यानातच नाई आलं की याच्यानं काही होईन."

मी तिला चहा दिला आणि आम्ही दोघी मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"चंद्रकलाबाई," ते म्हणाले, "मिलचा धूर खोटा आहे का?"

"नाई जी."

"बोडीवर राख पडते की नाही?"

"पडते तं."

"मग उद्या गप्प राहा. कापड थोडं जास्त काळं झालं, एवढंच. खोटं आपण काहीच सांगत नाही. हा अधिकारी एकदा आला आहे. आपणच म्हटलं की आमचं चुकलं, तर तो पुन्हा या गावाकडे फिरकेल का? भोजराज काय म्हणेल ते तर विचारूच नका."

मास्तरांचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. अशा कामात किती धडपड लागते ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांना त्यातून स्वतःसाठी काही मिळवायचं नव्हतं. मी चंद्रकलाकडे पाहिलं. ती दारातच उभी होती.

"मास्तरजी, गिऱ्हाईक कपडा आनते तवा आमी आधी डाग पाहतो. आपला का त्याचा. गंजाचा डाग त्याचा, भट्टीत करपला तं आपला. माह्या अंगावर सालभर दुसऱ्याचा डाग लावला लोकाईनं. आता माह्या खळीचा डाग मी त्या मानसाच्या नावावर कसा लावू?"

"तुमची घरं परत यायची नाहीत, बाई."

"तेच तं भेव आहे जी," ती म्हणाली आणि गेली.

रात्री परसरामनं तिला काय सांगितलं ते तिनं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "बोलशीन तं घरं जातीन. नाई बोलशीन तं तू झोपनार नाईस, अना मले झोपू देनार नाईस. बोल बापा."

दुसऱ्या दिवशी पंचायतीची खोली गच्च भरली होती. अधिकारी तरुण होते, शांत. टेबलावर चार कापडं मांडली होती. भोजराजजींनी आपली बाजू सांगितली, चुली, मोहाचा पाला, गाडीरस्त्याची धूळ. मग अधिकाऱ्यांनी बोडीवरचं कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. खोलीत कुजबूज झाली. मास्तर खाली बघत होते.

"साहेब, तो कपडा बाजूले ठेवा जी," चंद्रकला मागून म्हणाली. "तो बरोबर नाई."

तिनं उभ्यानं सगळं सांगितलं, खळीचं, दवाचं, धोतराचं आणि पातळाचं. सांगून झालं आणि खोलीत एकच गलका उठला. तिच्या शेजारच्या कौशल्याबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, "अवो माय, कपड्याले खळ लावली, तं तोंडाले कुलूप काहून नाई लावलं?"

लोक हसले. भोजराजजी सर्वांत मोठ्यानं हसले. "वा चंद्रकला! मी वकील उगाच पाहून राहिलो होतो. तूच आहेस ना माझी वकील!"

चंद्रकलाचा चेहरा उतरला. ताराबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी वळून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

अधिकाऱ्यांनी गलका शांत होऊ दिला. मग ते म्हणाले की उरलेल्या तीन कापडांवरून त्यांना काही ठरवता येणार नाही. शाळेजवळ चुली आहेत, फाटकावर गाड्यांची धूळ आहे. पुन्हा करायचं असेल तर चारही कापडं एकसारखी हवीत. मास्तर खुर्चीत आणखी खाली सरकले.

तेव्हा भोजराजजींना राहवलं नाही. त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता, आणि त्या दिवशी हवा त्यांच्या बाजूची होती.

"साहेब, मीच सांगतो. होळीले माझे मजूर गावी जातात. बॉयलर थंडा राहते. अन् तेव्हाच लोक मोहाखालचा पाला जाळतात. तेव्हा टांगा कापड. मिल बंद अन् कापड काळं, मग तुमी काय म्हणाल?"

"मग मी म्हणेन की राख मिलची नाही," अधिकारी म्हणाले. "आणि पांढरं राहिलं तर?"

भोजराजजींनी भरलेल्या खोलीकडे पाहिलं. सगळा गाव ऐकत होता. "तं मंग माझी," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मास्तर मला हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ही गोष्ट मला सुचायला हवी होती." मीही तेच मनात म्हणत होते.

ठरलं असं. कापड बांधताना आणि सोडताना मिलचा एक माणूस आणि गावातला एक माणूस हजर राहायचा. मिल चालू असताना काही दिवस आणि बंद असताना तितकेच दिवस. होळीची राख वेगळीच उडणार म्हणून होळी पेटते तो दिवस आणि धुळवड सोडून द्यायची. खळ कोणत्याच कापडाला नाही.

चंद्रकलासाठी यातलं शेवटचं सगळ्यांत कठीण होतं. बोडीच्या पाळीवर, आपल्या दोरीच्या शेजारी, तिनं ते लुळं कापड टांगलं आणि पाठ करून उभी राहिली. पाणी भरून जाणाऱ्या बायांना आयतंच मिळालं.

"चंद्रकला, हा फडका कोनाचा वो? पोछा वाळत घातला का?"

"मेलेल्या सशावानी लटकून राहिला बापा!"

एकदा मी मुद्दाम तिकडे गेले आणि माझं एक पातळ त्याच्या शेजारी दोरीवर घालायला लावलं. म्हटलं, लटकणारी दोन असली म्हणजे एकट्यालाच नावं ठेवणार नाहीत. ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

बॉयलर थंड झाला. रानात मोहाखाली पाला जळत होता, गावात चुली रोजच्यासारख्या पेटत होत्या, संध्याकाळी धुराचा पट्टा बोडीवर उतरलेला मी स्वतः पाहिला. कौशल्याबाई म्हणाली, "आता गेली चंद्रकला कामातून." मलाही भीती वाटली. शाळेच्या कापडासाठी मी एक वही ठेवली होती, तिच्यात त्या दिवशीचं एकच वाक्य आहे, "आज धूर फार."

अधिकारी सांगितल्याप्रमाणे पुन्हा आले. या वेळी खोलीत गर्दी कमी होती. मिल बंद असतानाची कापडं आधी मांडली. ती पांढरीशुभ्र नव्हती. पिवळसर धूळ होती, पाल्याच्या राखेच्या पांढुरक्या पापड्या होत्या, झटकल्या की पडणाऱ्या. मग चालू मिलची. शाळेतलं कापड दोन्ही वेळी जवळजवळ तसंच मळकट होतं. म्हणजे शाळेकडची आमची तक्रार बरीचशी आमच्याच चुलींबद्दल होती. हे ऐकून मास्तरांनी कान पकडल्यासारखं केलं. बांधीतलं दोन्ही वेळी स्वच्छ, आणि फाटकावरचं रस्त्याच्या धुळीनं इतकं भरलेलं की त्यावरून काही ठरेना.

बोडीवरचं शेवटी. जानेवारीत खळीमुळे दिसलं होतं तितकं ते काळं नव्हतं, निम्म्यानंही नसेल. पण ठिपके काळे होते, बारीक, आणि बोट फिरवल्यावर रेघ उमटत होती. बंद मिलच्या कापडावर तशी रेघ उमटेना. अधिकाऱ्यांनी स्वतः दोन्हींवर बोट फिरवलं, मग कापड भोजराजजींच्या पुढे सरकवलं. त्यांनीही फिरवलं. एकदा, मग परत एकदा. मग आपल्या धोतराच्या सोग्याकडे पाहिलं. ते धोतर चंद्रकलानंच धुतलेलं होतं.

"लिवलं आहे वो माझं नाव," ते चंद्रकलाला म्हणाले.

ती म्हणाली, "बारीक अक्षरात आहे, शेठजी. मोठं लिवलं होतं ते माहं होतं."

धुराडं उंच व्हायला पुढचा हंगाम उजाडला, आणि धूर पाण्यातून काढायची कोठी त्याच्याही नंतर झाली. कागद नागपूरला जात राहिले, येत राहिले. राख संपूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. पण माझ्या पातळांवरचे तीळ कमी झाले, आणि बोडीच्या पाळीवरचं ते लुळं कापड चंद्रकलानं काढलं नाही. मळलं की धुऊन पुन्हा टांगायची. पाणी भरणाऱ्या बाया जाताजाता त्याच्याकडे पाहत. पुढे दोनतीन वर्षांनी विटांची भट्टी लावायला कोणी आलं, तेव्हा पंचायतीत पहिला प्रश्न हाच निघाला की आधी चंद्रकलाबाईला कापडं टांगू द्यायची का. तोपर्यंत सगळ्या गावासाठी ती चंद्रकलाबाई झाली होती.

ताराबाई मात्र लगेच आल्या नाहीत. बाकीची घरं हळूहळू परतली, त्या नाहीत. एकदा चंद्रकला माझ्याकडे बसली असताना वाटेवरून जाताना त्या थांबल्या. हातात वकिलांचा कोर्टात घालायचा पांढरा सदरा होता. दुसऱ्या वरठ्याचं आजारपण सुरू होतं म्हणून त्यांनी तो नाइलाजानं मागच्या आठवड्यात चंद्रकलाकडे दिला होता. बगलेखाली निळसर पट्टा उमटला होता.

"हे कोणाचं गं?" त्यांनी सदरा पुढे धरला. "मिलचं, की आमच्या चुलीचं, की होळीचं?"

चंद्रकलानं सदरा घेतला, अंगणात जाऊन उन्हात धरला, उलटा करून पाहिला.

"माहं जी," ती म्हणाली. "नीळ नीट विरघळली नव्हती. घेऊन जाते, काढून देते."

संध्याकाळी ताराबाईंच्या घरून गाठोडं आलं, आणि त्यात पूर्वी परत पाठवलेल्या त्या दोन चादरीही होत्या.